सावलीचा वाटा

माझ्या मोटारसायकलला सावलीत उभं राहायचा काही एक हक्क नाही, हे आक्कानं मला पहिल्याच दिवशी सांगितलं. जनावरांचा डॉक्टर म्हणून माझी माण तालुक्यात नवीन बदली झाली होती. दहिवडीपासून बरंच आत असलेल्या त्या गावात भाड्यानं मिळण्यासारखी एकच खोली होती, आणि ती आक्काच्या घराला चिकटून होती. अंगणात भलंमोठं लिंबाचं झाड. मी साहजिकच गाडी लिंबाखाली लावली आणि सामान सोडायला लागलो, तर ओसरीवरून आवाज आला.

"त्या फटफटीला काय ऊन लागतंय व्हय? जीव हाय का तिला?"

मी म्हटलं, "सीट तापते हो आक्का."

"मग फडकं टाका की वर. तितं दुपारच्याला कुत्री बसत्यात, कोंबड्या बसत्यात. त्यांनी कुटं जायाचं?"

त्या दिवसापासून माझी गाडी उन्हात आणि गावची कुत्री सावलीत. एप्रिलमधल्या दुपारी त्या सीटवर बसायचं म्हणजे काय, ते बसल्याशिवाय कळायचं नाही. मी वेशीपर्यंत फूटरेस्टवर अर्धवट उभा राहूनच गाडी चालवायचो. लोकांना वाटायचं, नवीन डॉक्टर फार घाईचा आहे.

मी वाईचा. घाटावर, नदीच्या गारव्यात वाढलेला. जमिनीवरून, पाण्यावरून, भिंतीवरून भांडणारी माणसं मी भरपूर पाहिली होती. सावलीवरून भांडणारी बाई मात्र पहिल्यांदाच बघत होतो. तोंडावर मी तिला 'अहो आक्का' म्हणायचो. आता आठवताना ती आपोआप 'अगं आक्का' होते. तिला हे चाललं असतं असं नाही, पण आता ती भांडायला येऊ शकत नाही.

अंगानं वाळकी, उंच, कपाळ मोकळं, आणि आवाज असा की तिनं ओसरीवरून हाक मारली तर चावडीवरचा माणूस मागं वळून बघे. नवरा मुंबईला माथाडी होता, तो कधीचाच वारला. दोन्ही मुलं नव्या मुंबईत. आक्का एकटी राहायची आणि दिवसभर बाज फिरवायची. सकाळी बाज भिंतीच्या पश्चिमेला, दुपारी लिंबाखाली, उन्हं कलली की गोठ्याच्या कडेला. सावली सरकली की आक्का बाज सरकवणार. समोरच्या शाळेच्या शिपायाला घड्याळ बघायची गरज नसायची. आक्काची बाज गोठ्याला लागली की तो घंटेकडं जायचा.

वाटप हा तिचा दुसरा छंद. चहा केला की कप ओळीनं मांडायची आणि सगळ्यांत सारखा होईपर्यंत या कपातला त्या कपात, त्या कपातला या कपात ओतत राहायची. तोवर चहा गार. कुणी "असू दे आक्का, चालतंय" म्हटलं की तिला राग यायचा. "तुला चालतंय. त्याला चालतंय का इच्यारलं का?" लग्नात ती वाढप्यांच्या मागं लागायची. पुरुषांच्या पहिल्या पंगतीला जेवढं गोड वाढलं, तेवढंच शेवटच्या, बायका-पोरांच्या पंगतीला उरलंय की नाही, ते भांडं वाकवून बघायची. त्यामुळं गावातली माणसं लग्नाचं बोलावणं तिला आवर्जून द्यायची आणि ती आली की तोंडं वाकडी करायची.

लोक म्हणत, मुंबईत चाळीच्या नळावर तिनं तरुणपण काढलं, तिथं रांग लावायची तिला सवय लागली. मला ते फार सोपं वाटतं. नळावर रांग लावणाऱ्या बायका पुष्कळ असतात. त्यातल्या बहुतेक आपली घागर पुढं सरकवायलाही शिकतात.

तिचं सगळंच बरोबर असायचं असं मुळीच नाही. लांब डोंगरावर पवनचक्क्यांची रांग दिसायची. त्यांच्या पात्यांनी ढग हाकलून दिले, असं आक्काचं ठाम मत होतं. त्या भागातली बरीच म्हातारी माणसं तसंच मानायची. मी तिला समजवायला बसलो. पाती वाऱ्यानं फिरतात, पात्यांमुळं वारा सुटत नाही. ढग किती उंच, पाती केवढीशी. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"मग त्या लावायच्या आदी पाऊस पडत व्हता का न्हाई?"

"आधी तरी कुठं फार पडत होता आक्का?"

"थोडा पडायचा. पर येळंवर पडायचा." आणि विषय संपला. पुढं कधीही ढग आले आणि न बरसता गेले की ती माझ्याकडं असं बघायची, जसं काही त्या पवनचक्क्या मीच बसवल्या.

एकदा सांगलीला आमचं सरकारी शिबिर झालं. विषय होता बदलतं हवामान आणि पशुधन. गारठवणाऱ्या हॉलमध्ये दोन दिवस व्याख्यानं ऐकून मी परत आलो, आणि नवीन शिकलेला माणूस जसा पहिला भेटेल त्याला गाठतो, तसं आक्काला गाठलं. कोळशाचा, कारखान्यांचा, गाड्यांचा धूर वर साचतो, उष्णता कोंडते, पाऊस वेळ चुकवतो, असं सगळं सांगितलं.

"कुनाचा धूर जास्ती?" तिनं विचारलं.

"मोठ्या देशांचा. आपल्याकडं शहरांचा, कारखान्यांचा. ज्याच्याकडं जास्त, त्याचा धूर जास्त."

"मग ज्यानं धूर केला, त्यानं सावली करावी."

मी हसलो. म्हटलं, "तुमच्या चुलीचा पण धूर आहे की."

ती खरंच विचारात पडली. "हाय की. मग माजी बी तेवडी." दुसऱ्या दिवशी तिनं परसात मूठभर चिंचोके पुरले. त्यातला एकही उगवला नाही. पण मला सांगायला ती विसरली नाही की मी माझा वाटा टाकलाय, तुमच्या मोठ्या देशांचं काय ते तुम्ही बघा.

आता म्हाकूबद्दल सांगायला हवं, कारण त्याच्याशिवाय आक्का अर्धीच राहील.

म्हाकू मेंढपाळ. गावाबाहेर पत्र्याचं छप्पर, नावावर एक गुंठा जमीन नाही. दिवाळी झाली की बायका-पोरं, घोडं, मेंढरं असा सगळा संसार घेऊन तो खाली रहिमतपूरच्या बाजूला बागायती पट्ट्यात उतरायचा. तिकडचे शेतकरी रात्री आपल्या मोकळ्या रानात त्याची मेंढरं बसवून घेत. रानाला लेंड्यांचं खत मिळे, आणि त्याच्या बदल्यात म्हाकूला धान्य. हा व्यवहार त्याच्या आजोबांच्याही आधीपासूनचा. पावसाळा आला की तो माघारी यायचा आणि मग त्याची मेंढरं आमच्या गावच्या माळावर चरायची. माळ खासगी होता, वेगवेगळ्या शेतकऱ्यांच्या नावावर. पण मुरमाड, पडीक. तिथं कुणी चारलं तर कुणी अडवत नसे.

आक्काचं आणि म्हाकूचं हाडवैर. कारण आक्काची मटकी. घराजवळच्या तुकड्यात ती दरवर्षी मटकी टाकायची आणि दरवर्षी म्हाकूचं एखादं मेंढरू तिच्यात शिरायचं. म्हाकू म्हणे, मुक्या जनावराला काय कळतं. आक्का म्हणे, जनावराला न्हाई कळत, मालकाला चांगलं कळतंय. मला वाटतं, आक्काचं खरं होतं. म्हाकूचं लक्ष नेमकं तिच्याच रानाजवळ आल्यावर कसं चुकायचं, हे कोडं काही अवघड नव्हतं.

एका पावसाळ्यात आक्कानं त्याचा एडका धरला आणि लिंबाला बांधून घातला. म्हाकूनं येऊन माफी मागावी अशी तिची अट. म्हाकू हट्टी, आला नाही. आता बांधलेल्या जनावराला उपाशी ठेवणं आक्काला जमेना. तिनं त्याला कडबा घातला, मग सरकी घातली, पाणी दाखवलं, आणि दिवसभर सगळ्यात दाट सावलीत त्याची दोरी सरकवत राहिली. तोंडानं म्हाकूच्या सात पिढ्यांचा उद्धार चालूच. एडक्यानं चांगलं बाळसं धरलं. शेवटी म्हाकू आला, दारातून एडक्याकडं बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "आक्का, आनकी चार दिस ऱ्हाऊ द्या की."

त्यावर आक्कानं जी काठी उचलली ती बघून मी खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

हसण्यासारखं आहे, पण त्याच म्हाकूचे वाईट दिवसही मी पाहिलेत. एका हिवाळ्यात, ज्या दिवसांत आभाळ कोरडं असायचं त्या दिवसांत, रहिमतपूरकडं रात्रभर अवकाळी पाऊस कोसळला. उघड्या रानात बसवलेली मेंढरं गारठून गेली. सकाळी त्यानं मला फोन केला, मी तिथल्या डॉक्टरला कळवलं, पण तो पोचेपर्यंत कोकरं ओळीनं मरून पडलेली होती. पुढं उन्हाळ्यात उलटं झालं. माघारी आल्यावरही पाऊस नाही, आणि उन्हानं गाभण मेंढ्या गाभडायला लागल्या. तोंड उघडं टाकून धापा टाकणारी मेंढरं एकमेकांच्या पोटाखाली डोकी घालून उभी राहायची, कारण माळावर तेवढीच सावली होती. माझ्या पिशवीत त्यावर औषध नव्हतं. आक्का हे सगळं बघून जायची, म्हाकूशी एक शब्दही न बोलता.

अशात सोलरची कंपनी आली.

मला तो प्रकल्प आवडला होता, हे आधीच सांगून टाकतो. अजूनही आवडतो. कोळसा जाळण्यापेक्षा माळावरचं फुकट जाणारं ऊन वापरावं, यात वाईट काय? शेतकऱ्यांचंही भलं होणार होतं. ज्या मुरमात कुसळाशिवाय काही उगवत नाही, तो कंपनी कितीतरी वर्षांच्या करारानं भाड्यानं घेणार होती. मुंबईला हमाली करणाऱ्या पोरांच्या आईबापांना घरबसल्या दरवर्षी पैसे. गाव आनंदात होतं आणि त्यात काही पाप नव्हतं. फक्त माळाला चारी बाजूंनी कुंपण पडणार होतं, आणि म्हाकूचा विषय कुणाच्या डोक्यात नव्हता. त्याचं नाव कुठल्याच सातबाऱ्यावर नव्हतं, त्यामुळं त्याला विचारायचं काय, हा प्रश्नच आला नाही.

आक्काचंही माळावर रान होतं, आणि ते नेमकं मधोमध. रस्ता तिथूनच जाणार, तारा तिथूनच जाणार. तिच्या सहीवाचून पुढं सरकणं अवघड होतं.

शाळेच्या पटांगणात सभा झाली. कंपनीकडून पुण्याचा एक तरुण इंजिनिअर आला होता. गोड बोलणारा, सगळ्यांना आधी नमस्कार करणारा. त्यानं छान समजावून सांगितलं. मग सरपंचांनी विचारलं, कुणाला काही शंका? आक्का उठली. मी मनात म्हटलं, आता काय खरं नाही.

तिनं सुरुवातच पवनचक्क्यांपासून केली. त्यांनी ढग पळवले, आता तुम्ही काय पळवणार? सगळं पटांगण हसलं. इंजिनिअरही हसला. त्यामुळं पुढचं वाक्य ती बोलली तेव्हा कुणी नीट ऐकतच नव्हतं.

"ऊन तुमी नेनार. न्या. पर ऊन वर अडवलं की खाली सावली पडती. ती कुनाची?"

"आजी, जागेसोबत सगळं आलंच की," इंजिनिअर म्हणाला.

"भाडं उनाचं देताय का सावलीचं बी?"

"सावलीचं कसलं भाडं? सावलीतून आम्हाला काही मिळत नाही."

"मग जे तुमाला नको, ते ज्याला पायजे त्याला सोडा की. मेंढरं बसतील खाली. गवात खातील."

हसणं हळूहळू थांबलं. इंजिनिअरनं सांगितलं, पॅनेल जमिनीपासून फार उंच नसतात. खांब उंच करायचे तर खर्च वाढतो. शिवाय जनावरं तारा कुरतडतात. सरपंच म्हणाले, "आक्का, मेंढरं कुनाची, तर म्हाकूची. तो इतं हाय तरी का?"

म्हाकू होता. पटांगणाच्या भिंतीबाहेर उकिडवा बसून ऐकत होता.

"त्याला आत घ्या," आक्का म्हणाली.

"नगं, नगं," म्हाकू भिंतीपलीकडून म्हणाला. "आमचं काय काम तितं?"

"माज्या मटकीत येताना कसं काम असतंय रं तुजं? ये आत!"

तो आला आणि सगळ्यात मागं उभा राहिला. आक्कानं सही केली नाही. सभा मोडली.

त्यानंतरचे महिने वाईट होते. कंपनीनं, तुमचं जमत नसेल तर आम्ही जत भागात जागा बघतो, असा निरोप धाडला. गाव बिथरलं. "आक्काच्या सावलीपायी आमचं ऊन चाललंय," असं माणसं तिला ऐकू जाईल असं बोलायला लागली. गिरणीत दळण घेऊन गेली की बायका बोलणं थांबवायच्या. थोरला मुलगा नव्या मुंबईहून रजा टाकून आला. तोही काही वाईट माणूस नव्हता. घराचा हप्ता, मुलीची फी, सगळं त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

"आये, म्हाकू कोन लागतो गं आपला?"

"कोन न्हाई."

"मग त्याच्यापायी सगळ्या गावाचं तळपट करतीस? चोर हाय त्यो, तूच म्हनतीस की."

"चोरच हाय. पर चोराला बी सावली लागतीच की रं."

मुलगा न जेवता गेला. त्या संध्याकाळी आक्कानं मला हाक मारली. चहा केला होता, आणि पहिल्यांदाच दोन कपांत कमीजास्त होता. तिचं लक्ष नव्हतं.

"डाक्टर, मी चुकतीय का?"

मला तिची फार दया आली. मी खरं तेच सांगितलं. म्हटलं, "आक्का, मला माहीत नाही. ती लोकंही गरीबच आहेत."

"मग येवडा शिकलास कशाला?" ती खेकसली, आणि कपाळाला हात लावून बसली. ती घाबरलेली होती. इतक्या वर्षांत मी तिला घाबरलेलं तेवढंच पाहिलं. ज्यांच्या लग्नात तिनं पंगती सांभाळल्या ती माणसं तिच्याकडं बघत नव्हती, आणि म्हाकूसुद्धा तिच्या अंगणाकडं फिरकला नव्हता.

शेवटी कंपनीनंच मध्यम मार्ग काढला. इंजिनिअरनं मला गाठून विचारलं, मेंढरं खरोखर काय नुकसान करतात? मी सांगितलं, शेळी उड्या मारेल, वर चढेल, तिला आत सोडू नका; मेंढरू मान खाली घालून चरतं, तारा नळीत घातल्या तर काही करत नाही, उलट तुमची गवत कापायची मजुरी वाचेल. मग असं ठरलं की फक्त आक्काच्या रानात खांब उंच करायचे. तिथं मेंढपाळांना फाटकातून जायला मुभा. आणि उंच खांबांचा जादा खर्च आक्काच्या भाड्यातून कापायचा.

मला राग आला. आजही येतो. मी इंजिनिअरला म्हटलं, कंपनी तुमची, नफा तुमचा, मजुरी वाचणार तुमची, आणि खांबाचे पैसे म्हातारीनं भरायचे? तो ओशाळला, म्हणाला, "सर, मी वर लिहून पाहिलं. वरून एवढंच आलं." वर म्हणजे कुठं, ते त्यालाही नीट माहीत नसावं. इतर शेतकऱ्यांनी आपल्या रानातले खांब उंच करायला नकार दिला. त्यांना मी दोष देत नाही; भाडं कापून घ्यायला कोण तयार होईल?

आक्कानं मात्र एका घटकेत सही केली. मी चिडून म्हटलं, "आक्का, धूर त्यांचा आणि सावली तुम्ही करायची?"

"त्यांनी करायलाच पायजे व्हती," ती म्हणाली. "न्हाई केली. मग मेंढरास्नी काय सांगू, पुढच्या साली या म्हनून?"

पॅनेल बसले. पहिल्या उन्हाळ्यात म्हाकू लवकर माघारी आला आणि मेंढरं आत गेली. निळ्या-काळ्या काचांच्या रांगांखाली ती रवंथ करत बसलेली मी पाहिली आणि मला बरं वाटलं. कंपनीलाही ते दृश्य फार आवडलं. एक फोटोवाला आला, आणि पुढच्या वर्षीच्या कंपनीच्या कॅलेंडरवर म्हाकू, त्याचं मुंडासं आणि मागं मेंढरं असा झकास फोटो झळकला. खाली निसर्गाविषयी दोन ओळी होत्या. आक्काच्या भाड्याविषयी काही नव्हतं. एक कॅलेंडर तिलाही मिळालं. तिनं ते निरखून बघितलं आणि म्हणाली, "पुढनं तिसरं मेंढरू, त्ये माजी मटकी खानारं."

आता आक्का नाही. मीही सांगलीला बदलून आलो. ती गेल्यानंतर थोरला मुलगा कंपनीकडं जाऊन आला, फाटक बंद करून पूर्ण भाडं मिळेल का विचारायला. त्याची गरज मी समजू शकतो. पण म्हाकू त्याच्यासमोर उभा राहिला. जो सभेत भिंतीबाहेर बसला होता, तो म्हाकू. "तुज्या आईनं दिलेली न्हाई ती सावली," तो म्हणाला. "ती आमचीच हाय. तुज्या आईनं नुसती मागून घेतली." गावातली चार माणसं, ज्यांनी तेव्हा आक्काला शिव्या दिल्या होत्या, तीच म्हाकूच्या बाजूनं बोलली. फाटक उघडं राहिलं. हे मला गावाकडून कळलं. पण म्हाकू हे बोलायला कुठं शिकला ते मला कुणी सांगायची गरज नाही. मी तिथं होतो.

पॅनेलखाली मेंढरं पहिल्यांदा बसली, त्याच उन्हाळ्याच्या अखेरची ही गोष्ट, आक्का होती तेव्हाची. अजून पेरणी नव्हती. सकाळी मी दात घासत बाहेर आलो तर आक्काच्या घराजवळच्या तुकड्यात, तिच्या त्या मटकीच्या रानात, जाळी ठोकून म्हाकूची सगळी मेंढरं बसवलेली. रात्रीत गुपचूप आणून बसवली होती. रान लेंड्यांनी काळंभोर झालेलं. म्हाकू जाळी गुंडाळत होता.

आक्का ओसरीवर उभी. मला वाटलं, आता काठी निघणार. ती आत गेली आणि जोंधळ्यानं भरलेली पाटी घेऊन आली. मेंढरं बसवल्याचं धान्य. सरळ त्याच्यापुढं ठेवली.

म्हाकू मागं सरला. "नगं आक्का. धान्यासाटनं न्हाई बसवली. तुमी मेंढरास्नी सावली दिली, म्हनून आमी—"

"मी दिली? मी कोन देनारी? ऊन काय माज्या बापाचं हाय? घे ह्ये."

"आवं, आमचा येवडा बी उपकार तुमी घेनार न्हाई का?" म्हाकू म्हणाला. त्यानं तोंड फिरवलं. इतकी वर्षं तिच्याशी भांडलेला माणूस, त्याला आभार मानायचे होते आणि ती मानू देत नव्हती. मला वाटलं, आक्का आता फार ताणतेय.

"गप ऐक," आक्का म्हणाली. तिचा आवाज खाली आला होता, मला तो नवीनच होता. "तुजा उपकार घेतला, तर माजा बी उपकारच ठरंल. आन् उपकार काय, कुनीबी माघारी घेतंय. मी उद्या मरंन. माजी पोरं येतील, म्हनतील, आमच्या आईची मर्जी व्हती, आता आमची न्हाई. फाटक लावतील. तुज्या पोरांनी मग कुटं जायाचं? वाटा असला म्हंजी कुनाच्या बापाला काढता येत न्हाई. कळतंय का? तुजी मेंढरं बसली, तुजं धान्य घे. सावली तुजी हाय, ती बी घे. माजं नाव काडू नगंस."

म्हाकूनं हातातली जाळी खाली ठेवली. मेंढरं त्याच्या पायाशी घोटाळत होती. मग त्यानं डोळे पुसले, खाली वाकला, पाटीतले जोंधळे मुठीत घेऊन बघितले, आणि मान हलवली.

"मग ह्ये कमी हाय आक्का," तो म्हणाला. "रहिमतपूरला येका रातीला याच्या दीडपट देत्यात."

चोर, लबाड, मटकीखाऊ, तोंडाला येईल ते बोलत आक्का आणखी जोंधळे आणायला आत गेली. इतकं खूश झालेलं मी तिला त्याआधी आणि त्यानंतर कधीच पाहिलं नाही.